येझदीचा एअरबॉक्स: पत्र्याऐवजी फायबर

जुन्या टू-स्ट्रोक येझदी मोटरसायकलचा एअरबॉक्स (एअर फिल्टरचा डबा) काढून उघडा, शंकूच्या आकाराचा कोन फिल्टर थेट कार्ब्युरेटरला लावायचा सल्ला काहीजण देतात, तो निदान कोकणात तरी नको. उन्हाळ्यात जांभ्याची लाल धूळ, पावसात सरळ पाणी. शिवाय या येझदीला रीड व्हॉल्व्ह (मिश्रण मागे येऊ न देणारी झडप) नाही; कमी आरपीएमला हवा-पेट्रोलचं मिश्रण उलटं फेकतं आणि फिल्टर पेट्रोल-ऑइलने भिजतो. म्हणून सीटखाली बंद डबा हवाच, तोंड मागच्या बाजूला, तळाला पाणी निघायला छोटं भोक. लोखंडी पत्रा खाऱ्या हवेत टिकत नाही. फायबरच्या होड्या दुरुस्त करणाऱ्याला गाठा, साचा दिलात की काम सोपं. आत फिल्टर म्हणून तेल लावलेला फोम.

नव्या डब्यातून हवा वाढली की मेन जेटही (कार्ब्युरेटरमधून पेट्रोल सोडणारी भोकाची पितळी नळी) मोठा लागतो. स्पार्क प्लग पांढरट दिसत असेल, म्हणजे पेट्रोल कमी पडत असेल, तर कुंभार्ली घाट चढायच्या भानगडीत पडू नका, पिस्टन जाम होईल.