नेक्रॉन: २००२ खरं की २०११?

गंजका_सांगाडा: वॉरहॅमर ४०के, छोट्या मूर्तींचा टेबलावरचा युद्धखेळ. २००२च्या कोडेक्समध्ये (सैन्याच्या नियम-कथांच्या पुस्तकात) क'तान हे देव मालक, नेक्रॉन हे धातूचे सांगाडे त्यांचे मुके गुलाम. २०११च्या कोडेक्सनुसार नेक्रॉननीच क'तानचे तुकडे करून ते कैदेत ठेवलेत. माझं सैन्य जुन्या कथेवर बेतलंय. ते आता बाद?

धूळपाटी: टेबलावर नियम चालू कोडेक्सचेच. नाइटब्रिंगर हा क'तान 'शार्ड' (तुकडा) म्हणूनच उतरवा, पूर्ण देव म्हणून नाही. कथेत मात्र पळवाट आहे: जुनी माहिती इम्पीरियमच्या (माणसांच्या साम्राज्याच्या) नजरेतून आलेली समजा. योद्धे आजही मुकेच, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला सगळेच गुलाम वाटणार. पण सायलेंट किंगचं, म्हणजे नेक्रॉनच्या राजाचं, क'तानविरुद्धचं बंड असं झाकता येत नाही. तिथे सरळ बदल केलाय, उगाच सांधेजोड करू नका.

गंजका_सांगाडा: आणि जुन्या कोडेक्समधले पारिया सैनिक? ते तर गायबच झाले.

तिसरा_फासा: लिचगार्ड (नेक्रॉन अंगरक्षक) म्हणून खेळवा, वॉरसाइद (लांब दांड्याचं पातं) हातात आहेच. फक्त बेस (मूर्तीखालची चकती) लिचगार्डच्या मापाचा हवा, नाहीतर अंतर मोजताना वाद होतात. मूर्ती धातूच्या आहेत, प्लॅस्टिकचा गोंद धरणार नाही. पायाला १ मिमी भोक पाडा, तारेचा तुकडा घाला, मग सुपरग्लू. नुसत्या गोंदावर उभी केली तर पहिल्याच धक्क्याला घोट्यातून निखळते. या मूर्ती लिचगार्ड आहेत हे समोरच्याला डाव सुरू होण्याआधी सांगा.

धूळपाटी: कथेसाठी एक सुचवतो: तुमचं घराणं बंडाच्या वेळी झोपेतच राहिलं. डिसीव्हर ('फसवणारा') या क'तानचा एक तुकडा त्यांना अजून 'मालक' म्हणून फसवतोय. नावातच थाप आहे, कोण हरकत घेणार!