ओव्हन तापला की थर्मोकपलचं रीडिंग चुकतंय, कोणी सांगेल का?

तापलेला_तवा:
मंडळी, छोटा ड्रायिंग ओव्हन बनवतोय. के टाइप थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा सेन्सर), त्याचं रीडिंग घेणाऱ्या मॅक्स ६६७५ चिपचं मॉड्यूल, आर्डुइनो उनो हा कंट्रोलर बोर्ड आणि तिथून यूएसबीने लॅपटॉप. पायथन स्क्रिप्ट दर सेकंदाला टेंपरेचर वाचते, ८० च्या खाली गेलं की हीटर चालू, वर गेलं की बंद, रिलेने (बोर्डवरून चालणारा स्विच). थंड असताना रीडिंग एकदम बरोबर येतं, पण तापल्यावर स्क्रीनवर ८० असतं तेव्हा आत ठेवलेला काचेचा थर्मामीटर ९५ दाखवतो. शिवाय स्क्रिप्ट बंद करून परत सुरू केली की हीटर आपोआप बंद पडतो, मी काही कमांड पाठवलेली नसताना. आणि ८० च्या आसपास रिले नुसता टकटक करत बसतो. मॉड्यूल बदलून झालं, फरक शून्य. थर्मोकपलची वायर तोकडी होती म्हणून साधी तांब्याची वायर जोडून ३ मीटर केलीये, पण ती नुसती वायरच ना, त्याने काय होणार?

तारवाला:
'त्याने काय होणार' इथेच घोडं पेंड खातंय. थर्मोकपल आतलं टेंपरेचर सांगत नाही, दोन टोकांमधला फरक सांगतो, अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट. चिप स्वतःचं टेंपरेचर मोजून त्यात मिळवते, कारण ती धरून चालते की के टाइपची वायर तिच्यापर्यंत आलीये. तुझ्याकडे ती अर्ध्यातच संपली. जोड ४३ वर आणि चिप २८ वर असेल तर मधले १५ अंश कोणी मोजलेच नाहीत, गेले. थंड असताना दोन्ही सारखेच म्हणून रीडिंग बरोबर. जोड कुठे आहे तुझा?

तापलेला_तवा:
ओव्हनच्या मागच्या पत्र्याला टेपने चिकटवलाय 😐

तारवाला:
मग झालं तर. के टाइपची एक्स्टेन्शन वायर आण, मधला कनेक्टरपण के टाइपचाच घे.

जुना_खिळा:
बाकी दोन गोष्टी राहिल्या. स्क्रिप्टने उनोचा सिरीयल पोर्ट (यूएसबीवरून बोलायची लाइन) उघडला की बोर्ड रीसेट होतो, बिघाड नाहीये तो, प्रोग्राम टाकायला सोपं जावं म्हणून मुद्दाम केलेली सोय आहे. रीसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की थांबतं, फक्त नवीन प्रोग्राम टाकताना तो काढायचा, नाहीतर अपलोड होत नाही म्हणून तासभर डोकं धरून बसशील (मी बसलोय). टकटक थांबवायला मधे गॅप ठेव, ७८ ला चालू ८१ ला बंद असं काहीतरी.

पण खरं सांगू का, मला भीती तुझ्या स्क्रिप्टची वाटते. हीटर चालू असताना लॅपटॉप झोपला किंवा केबल निघाली तर बंद कोण करणार? चालू-बंदचा निर्णय बोर्डवरच घे, लॅपटॉपने फक्त सेटिंग पाठवायचं आणि लॉग ठेवायचा. आणि हीटरच्या लाइनमध्ये वेगळा थर्मल फ्यूज (जास्त तापलं की लाइन तोडणारा) हवाच, रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटले तर कुठलाही कोड कामाला येत नाही.

कोडकिडा:
बोर्डवर लूप टाकशील तेव्हा लक्षात ठेव, ६६७५ ला एक रीडिंग करायला ०.२२ सेकंदापर्यंत लागतात आणि मधेच वाचायला गेलास की चालू असलेलं माप सोडून देते. आमचं रीडिंग एकाच आकड्यावर गोठलं होतं, दोन दिवस वायरी हलवत होतो. पाव सेकंदाच्या आत परत विचारू नको.

तापलेला_तवा:
वायर आणली, लाल वायर प्लसला लावली तर ओव्हन तापतोय आणि आकडा खाली चाललाय!

तारवाला:
दुसरी पिवळी आहे ना? अमेरिकन कोड आहे तो, त्यात लाल म्हणजे मायनस. सगळेच एकदा फसतात. दोन्ही टोकं बघून घे, जोडावर तरी बरोबर लागलीये ना?

तापलेला_तवा:
जोडावर बरोबर होती, मॉड्यूलकडचीच उलटी होती, फिरवली 🙏 आता थर्मामीटर आणि स्क्रीनमध्ये २ अंशांचा फरक येतोय, मला तेवढं चालतं. गॅप टाकला, कंट्रोल बोर्डवर नेला, फ्यूज लावला. काल हीटर चालू असताना मुद्दाम लॅपटॉपला झोपवलं, बोर्ड वेगळ्या अडॅप्टरवर होता. ८१ ला रिले टक करून बंद झाला.