पायथन ३.१० वरून ३.१२ वर गेलो, पट्टीवर ‘बाकी’ऐवजी ‘स्थिती.बाकी’ छापतंय

पंचगंगाकाठ:
भावांनो जरा बघा की. शाहू मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाचं छोटं सॉफ्टवेअर मी बघतो, गुळाचे रवे किती आले, सौदा कितीला झाला आणि शेतकऱ्याची पट्टी (विक्रीच्या हिशेबाची पावती) दिली का बाकी आहे एवढंच त्यात. स्थिती नावाचा एनम (ठरावीक पर्यायांची यादी) आहे, एसटीआर (स्ट्रिंग, म्हणजे साधा मजकूर) मिसळून केलेला. ३.१० वर एफ-स्ट्रिंगमधनं (मजकुरात व्हॅल्यू भरायची पायथनची सोय) नुसतं ‘बाकी’ यायचं, नव्या मशीनवर ३.१२ टाकलं तर ‘स्थिती.बाकी’ येतंय. एरर काहीच नाही, इफमधली तुलना पण बरोबर चालतीय, पण रोजची टेक्स्ट फाईल एफ-स्ट्रिंगनंच लिहितो त्यामुळं ‘बाकी’ शोधून पट्ट्यांची यादी काढली तर नवी एकही पट्टी त्यात नाही. शेतकऱ्याच्या पैशाचा विषय हाय, लवकर सांगा.

रंकाळा_०७:
३.११ मध्ये बदललंय हे, ऑक्टोबर २०२२ चं व्हर्जन. आधी असा एनम प्रिंट केला की ‘स्थिती.बाकी’ आणि तोच एफ-स्ट्रिंगमध्ये टाकला की नुसतं ‘बाकी’ यायचं, लई घोळ व्हायचा. आता दोन्हीकडं सारखंच येतं, आणि मला तरी हेच बरोबर वाटतं. तुलना चालतीय कारण मेंबर (एनममधला एकेक पर्याय) अजून स्ट्रिंगच आहे, जेसनमध्ये (डेटा साठवायचा फॉरमॅट) पण ‘बाकी’च जातं. छपाईत, फाईलीत जाईल तिथं मेंबरपुढं सरळ डॉट व्हॅल्यू (.value) लिही, कुठल्याबी व्हर्जनवर चालतंय.

मंगळवारपेठ_कोडर:
३.११ पासनं स्ट्रएनम (StrEnum, स्ट्रिंगसाठीचा तयार एनम) मिळतो की, तो वापर, प्रिंट आणि एफ-स्ट्रिंग दोन्हीत व्हॅल्यूच येते.

रंकाळा_०७:
जुनं मशीन अजून चालू असेल तर नको, ३.१० वर स्ट्रएनम इम्पोर्टच होणार नाही. त्यापेक्षा क्लासमध्ये डबल अंडरस्कोरवालं एसटीआर फंक्शन (__str__) स्वतः लिही आणि सेल्फ डॉट व्हॅल्यू परत दे, एफ-स्ट्रिंग पण तेच उचलते, दोन्ही व्हर्जनवर.

पंचगंगाकाठ:
जुनं मशीन गोडाऊनवर आहेच, म्हणून फंक्शन टाकलं, दोन्हीकडं ‘बाकी’ येतंय. लई उपकार झाले. फाईलीत आधीच गेलेल्या ओळींचं काय करू?

रंकाळा_०७:
आधी फाईलीची कॉपी काढून ठेव, मग ‘स्थिती.’ एवढं काढून टाक. वाचताना शब्द एनममध्ये आहे का हे ‘इन’नं तपासू नको, साधी स्ट्रिंग दिली की ३.१० टाईपएरर देतंय आणि ३.१२ खरं-खोटं सांगतंय. त्याऐवजी स्थिती(शब्द) असं बनवून बघ, चुकीचा शब्द असला की दोन्हीकडं व्हॅल्यूएरर येतो आणि ओळ तिथंच सापडते.