लोखंडे आणि रविवारची सुट्टी: प्रोजेक्टसाठी खात्रीची माहिती शोधायची कुठे?

परळची_पोर:
नमस्कार मंडळी, मी एमए इतिहास करतेय, प्रोजेक्टला विषय घेतलाय एकोणिसाव्या शतकातले कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे आणि मुंबईचे गिरणी कामगार. आमच्याकडे आजोबांपर्यंत सगळे गिरणीतच होते, त्यामुळे विषय अगदी मनापासून घेतलाय, पण आता डोकं पार भंजाळलंय. दर १० जूनला व्हॉट्सॲपवर ती पोस्ट फिरते ना, लोखंडेंमुळे १८९० साली भारताला रविवारची सुट्टी मिळाली म्हणून, ती कितीतरी साइट्सवर आहे आणि सगळीकडे शब्दन् शब्द तोच. त्यांच्या गिरणी कामगार संघटनेचं, म्हणजे बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनचं, स्थापना वर्ष बघायला गेले तर कोणी १८८४ म्हणतंय कोणी १८९०. एआयला विचारलं तर त्याने लेखक, साल, पान नंबर असं सगळं टाकून संदर्भांची यादी दिली आणि त्यातली पुस्तकं एकाही लायब्ररीच्या कॅटलॉगमध्ये मिळेनात. गाइड मॅडम म्हणतात विकिपीडिया चालणार नाही, डेटाबेस बघ. जेस्टोरवर (शोधनिबंधांचा ऑनलाइन डेटाबेस) लोखंडे टाकलं की धड काही येत नाही. नेमकी सुरुवात कुठून करू आणि खरं कुठलं मानू?

ग्रंथालयवाली:
अगं ती एआयची यादी आधी बाजूला ठेव. जे पुस्तक कॅटलॉगमध्ये नाही, गुगल स्कॉलरवर नाही, कोणाच्या तळटीपेत नाही ते बहुतेक वेळा अस्तित्वातच नसतं, या प्रोग्रामना खऱ्यासारखी दिसणारी नावं जुळवता येतात. आमच्या काउंटरवर मुलं अशा याद्या घेऊन येतात आणि शोधण्यात त्यांचा अख्खा दिवस जातो, बघून जीव तुटतो.

आता त्या पोस्टचं. वीस साइट्सवर तेच वाक्य असलं तरी तो पुरावा एकच, कारण सगळ्यांनी एकाचंच उचललंय. त्यातलं एक वाक्य अवतरण चिन्हात टाकून शोध, तारखा बघत मागे मागे जा, सगळ्यात जुनं कोणी लिहिलंय आणि त्याने आधार काय दिलाय ते बघ. आधार नसेल तर तिथेच थांब.

आणि त्या एका वाक्यात दोन दावे आहेत, ते सुटे कर. पहिला, जून १८९० मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. दुसरा, त्यामुळे सगळ्या भारताला सुट्टी मिळाली. पहिल्याला मजबूत आधार मिळेल. दुसरा ताणलेला आहे, कारण गिरणीमालकांचा शब्द त्यांच्या गिरण्यांपुरता, देशभरच्या कारखान्यांना आठवड्याची सुट्टी कायद्याने आली ती १८९१ च्या फॅक्टरी ॲक्टने. हे लिहिल्याने लोखंडेंचं काम तसूभरही कमी होत नाही, उलट कारखान्यांच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या १८९० च्या फॅक्टरी कमिशनवरही ते होते, तो धागा तुला धरता येईल.

१८८४ की १८९० याचंही तसंच. १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि मागण्यांचं निवेदन तयार केलं, १८९० मध्ये महालक्ष्मीला मोठी सभा झाली. संघटना कधीपासून मोजायची त्यावर लेखकांचं एकमत नाही. तू एक साल उचलून मोकळी होऊ नकोस, कोण कशाच्या आधारावर कुठलं साल देतो ते दोन ओळीत लिही, परीक्षकाला तेच बघायचं असतं.

काळाचौकीचा:
ताईंनी बरोब्बर सांगितलं. डेटाबेसचं मी सांगतो, माझी पीएचडी चालू आहे. तू आजच्या नावांनी शोधतेयस म्हणून मिळत नाहीये. जुनी कागदपत्रं आणि इंग्रजी लेख सगळे बॉम्बे म्हणतात, मुंबई टाकलंस की अर्धं हातचं गेलं. बॉम्बे, मिल हँड्स, फॅक्टरी कमिशन, वीकली हॉलिडे असे त्या काळचे शब्द जोड्या लावून टाक, जोडशब्द अवतरण चिन्हात, आणि लोखंडेंचं स्पेलिंग जुन्या इंग्रजीत शेवटी ए वाय लावूनही येतं, नारायणमध्ये पण ए च्या जागी ई असतो. दोन्ही स्पेलिंगच्या मध्ये कॅपिटलमध्ये ऑर टाकलंस की एकदमच शोधलं जातं. जुन्या छपाईच्या स्कॅनमध्ये कॉम्प्युटर अक्षरं चुकीची वाचतो, त्यामुळे नाव सापडलं नाही म्हणून कागदच नाही असं समजू नकोस, त्या वर्षाची पानं डोळ्याने चाळ.

दुसरं म्हणजे एका चांगल्या पुस्तकापासून मागे जा. राजनारायण चंदावरकरांचं मुंबईच्या गिरण्यांवरचं केंब्रिजचं १९९४ चं पुस्तक आणि मॉरिस डी. मॉरिसचं १९६५ चं, दोन्हींच्या तळटीपा काढ, तिथे मूळ अहवालांची नावं मिळतात. आणि गुगल स्कॉलरवर पुस्तकाखाली साइटेड बाय असतं ते दाबलं की नंतर कोणी त्यावर काय लिहिलं, कोणी खोडून काढलं ते दिसतं. शोधगंगावर पीएचडीचे प्रबंध फुकट आहेत, ग्रंथसूचीसाठी सोनं आहे, पण प्रबंध प्रबंधात फरक असतो, आकडा घ्यायचा तर त्याने जिथून घेतलाय तिथे जाऊन बघ.

जेस्टोरला साधं फुकट अकाउंट काढलं तरी महिन्याला १०० लेख ऑनलाइन वाचता येतात. आणि तुमचं कॉलेज वन नेशन वन सबस्क्रिप्शनमध्ये येतं का विचार, जानेवारी २०२५ पासून सरकारी संस्थांना त्यातून केंब्रिज, ऑक्सफर्ड, टेलर अँड फ्रान्सिस असे मोठे प्रकाशक मिळतायत.

वाचनवेडा:
विकिपीडिया चालणार नाही म्हणजे उघडूच नको असं नाही हं. वाच, खालचे संदर्भ उघड, मूळ लेख वाचून त्याचाच संदर्भ दे. मराठी पानांना तर बरेचदा खाली संदर्भच नसतात, मग ती सोडून दे. त्यापेक्षा मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे तो बघ, तिथे नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं, म्हणजे कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवतोय ते कळतं. फक्त नोंद कुठल्या सालची ते बघून घे, काही खंड बरेच जुने आहेत.

परळची_पोर:
खूप खूप आभार सगळ्यांचे!! दादा, बॉम्बे आणि मिल हँड्स टाकून बघितलं तर एकदम लेखच लेख, आता कुठला आधी वाचू ते कळेना. अजून एक विचारते, त्या वेळचं वर्तमानपत्र किंवा अहवाल मिळाला तर तो तरी डोळे झाकून खरा धरायचा ना?

ग्रंथालयवाली:
नाही गं, तिथेही डोळे उघडेच. मिलओनर्स असोसिएशनचे छापील वार्षिक अहवाल आहेत, १८९० च्या अहवालात सुट्टीचा विषय मालकांच्या बाजूने येणार. दीनबंधू हे मराठी वर्तमानपत्र लोखंडे स्वतः चालवत होते, तिथे कामगारांची बाजू. टाइम्स ऑफ इंडियामध्ये इंग्रजी वाचणाऱ्या शहराची. तिघांनी एकच तारीख दिली तर तारीख पक्की धर, सभेला किती माणसं होती यावर तिघांचं जुळेलच असं नाही, मग तीनही आकडे नावासकट दे.

टाइम्सचे जुने अंक १८३८ पासून प्रोक्वेस्ट या डेटाबेसवर आहेत, तुमच्या किंवा कलिनाच्या विद्यापीठ लायब्ररीत तो ॲक्सेस आहे का ते विचार. बाकी राज्य पुराभिलेखागार काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतच आहे, विभागप्रमुखांचं पत्र आणि ओळखपत्र घेऊन जा. टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटीची लायब्ररी आणि दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय पण सोडू नकोस, मराठी नियतकालिकांसाठी तिथल्या माणसांना नीट विषय सांगून विचार, कॅटलॉगमध्ये न दिसणारं बरंच त्यांना माहीत असतं. आणि फोटो काढशील त्या प्रत्येक पानाबरोबर फाइलचा किंवा खंडाचा नंबर येईल असा आधी मुखपृष्ठाचा फोटो काढ, नंतर पान कुठलं ते शोधताना फार हाल होतात.