सात आसनी गाडीत पुढचा आणि मागचा एसी एकमेकांशी जुळवून कसा वापरावा?

कृष्णाकाठची (सांगली)

नमस्कार. आम्ही विश्रामबागेत राहतो. घरात सासू-सासरे, आम्ही दोघे आणि दोन मुले अशी सहा माणसे असल्यामुळे गेल्या दिवाळीत जुनी पाच आसनी गाडी देऊन सात आसनी डिझेल गाडी घेतली. पुढच्या पॅनेलवर तापमान आकड्यांत ठरवता येते आणि ‘ऑटो’चे बटण आहे. मधल्या रांगेच्या डोक्यावर, छतात दुसरा एसी आहे. त्याला पंख्याच्या वेगाची एक आणि थंडावा कमी-जास्त करण्याची एक अशा दोन गोल कळा आहेत. पुढे ‘रिअर’ असे लिहिलेले एक बटण आहे, ते दाबले की मागच्या कळा काम करत नाहीत आणि सगळे पुढूनच चालते. गाडी उत्तम आहे, पण या दोन एसींचा मेळ आम्हाला अजून साधलेला नाही.

मे महिन्यात आम्ही पंढरपूरला गेलो. पुढे २० अंश लावले होते. अर्ध्या तासात गाडी चालवणाऱ्या यजमानांची बोटे गार पडली, आणि त्याच वेळी तिसऱ्या रांगेतल्या मुलांच्या मानेवरून घाम ओघळत होता. म्हणून मागचा पंखा पूर्ण वेगात केला, तर तो झोत नेमका सासूबाईंच्या टाळूवर येऊ लागला. त्यांचे वय ७४ आहे. त्यांनी आधी डोक्यावर पदर घेतला आणि नंतर छतातल्या जाळीत हातरुमाल खोचून ठेवला. बोलल्या काहीच नाहीत, आणि तेच मला जास्त लागले.

जुलैअखेरीस वाईमार्गे महाबळेश्वरला निघालो. पसरणी घाटात गारठा वाढल्यावर सासूबाईंसाठी पुढचा एसी बंद केला, तर दोन वळणांतच समोरची काच आतून पांढरी झाली. मागचा पंखा चालूच होता, पण त्यातून नुसता दमट वारा येत होता. धाकट्याला त्याच वळणांवर उलटी झाली. समोरून एसटी येत असताना मी फडक्याने काच पुसत होते, तो प्रसंग पुन्हा नको आहे.

पुढचा एसी बंद केल्यावर मागचा थंड का राहत नाही, मागे बसलेल्यांना पुरेल आणि पुढच्यांना बाधणार नाही असे काय करावे, आणि घाटात काच स्वच्छ ठेवून ज्येष्ठांना ऊब कशी द्यावी, हे कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे.

मिरज_एसीकाम

ताई, मी बावीस वर्षे मिरजेत गाड्यांच्या एसीचेच काम करतो. तुमच्या प्रश्नाचे मूळ एका गैरसमजात आहे आणि तो जवळपास प्रत्येक सात आसनी गाडीच्या मालकाचा असतो. गाडीत एसी दोन नाहीत, एकच आहे. इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा, गॅस दाबून फिरवणारा कॉम्प्रेसर एक, गॅसची उष्णता बाहेर टाकणारा रेडिएटरच्या पुढचा कंडेन्सर एक आणि गॅसही एकच. फक्त हवा गार करणाऱ्या कूलिंग कॉइल दोन आहेत, एक डॅशबोर्डच्या आत आणि एक मागे, आणि प्रत्येक कॉइलला स्वतःचा एक्सपान्शन व्हॉल्व्ह (गॅसचा दाब उतरवणारी झडप) व स्वतःचा पंखा आहे. पुढचे एसीचे बटण बंद केले की कॉम्प्रेसर सुटतो, म्हणजे थांबतो. मग मागचा पंखा कितीही जोरात फिरवला तरी तो गाडीतलीच हवा गाडीतच ढवळत राहतो.

काही गाड्यांत मागे कॉइल नसते, पुढचीच थंड हवा नळीने किंवा वेगळ्या पंख्याने मागे ढकललेली असते. तुमची कोणत्या प्रकारची आहे हे पाहायचे असेल तर एसी पंधरा मिनिटे चालवून गाडीच्या खाली वाकून पाहा. पुढून मागे गेलेले दोन अॅल्युमिनियमचे पाइप दिसले, त्यातला जाड पाइप हाताला गार लागला आणि त्यावर पाण्याचे थेंब धरलेले असले, तर मागे स्वतंत्र कॉइल आहे. इंजिन चालू असताना हात फक्त त्या पाइपापुरताच न्यावा, सायलेन्सरकडे नको.

आता मुलांना घाम का आला ते सांगतो, कारण हे बहुतेक ठिकाणी कोणी समजावून देत नाही. ‘ऑटो’वर गाडी तापमान मोजते ते पुढच्या भागातले, केबिनच्या तापमानाचा सेन्सर साधारणपणे डॅशबोर्डमध्येच असतो. पुढची हवा २० अंशांना आली की पुढच्या यंत्रणेच्या दृष्टीने काम झाले, आणि ती पुढचा पंखा मंद करते. पंखा मंद झाला की पुढच्या कॉइलवरून हवा कमी जाते, ती कॉइल गोठण्याच्या जवळ येते आणि तिच्यावर बर्फ धरू नये म्हणून कॉम्प्रेसर काही वेळासाठी सोडला जातो. ज्या गाड्यांत हा निर्णय फक्त पुढच्या कॉइलवरून होतो, तिथे पुढचे तृप्त झाले की मागचे उपाशी राहतात. म्हणून पुढे थंडी वाजली तर पंखा अगदी एकवर आणू नका. पंखा दोन-तीनवर ठेवा, तापमान २४ करा आणि मधल्या दोन जाळ्यांची पाती वर करून झोत दोन सीटांच्या मधून छताकडे सोडा. थंड हवा जड असल्यामुळे ती पुढच्यांच्या डोक्यावरून जाऊन मागे उतरते. यजमानांच्या बोटांवर येणारी उजव्या कोपऱ्यातली जाळी खिडकीकडे वळवावी.

२० लावले म्हणून गाडी लवकर थंड होते, हेही खरे नाही. तापलेल्या गाडीत २४ लावले काय आणि १८ लावले काय, सुरुवातीला यंत्रणा पूर्ण ताकदीनेच चालते. आकडा फक्त थांबायचे कुठे ते सांगतो. उन्हात उभी असलेली गाडी असेल तर आधी चारही काचा उघडून दोनेक मिनिटे चालवा, आतली तापलेली हवा बाहेर जाऊ द्या. मग काचा बंद करून रिसर्क्युलेशन (बाहेरची हवा न घेता आतलीच फिरवणे) लावा आणि मागचा पंखा पहिली दहा मिनिटे पूर्ण वेगात ठेवा, कारण तिसऱ्या रांगेभोवती काच जास्त आणि हवेची हालचाल कमी असते. गाडी थंड झाली की मागचा पंखा मध्यम करा. माणूस नुसता बसून राहिला तरी सुमारे १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. सहा माणसे म्हणजे सहाशे वॉट, आणि त्यातले चौघे तुमच्या गाडीत मागेच बसतात.

राहिला हातरुमाल. आईंना माझा नमस्कार सांगा, पण जाळी बुजवू देऊ नका. हवा अडली की मागच्या कॉइलवर बर्फ धरतो, आणि तो वितळला की पाणी छतातून डोक्यावर टपकते. त्याऐवजी त्यांच्या डोक्यावरच्या जाळीची पाती खिडकीच्या वरच्या कडेकडे फिरवावीत, म्हणजे थंडावा काचेवरून घरंगळत येतो, अंगावर आदळत नाही.

यवतेश्वर_रोज

मी साताऱ्यात राहतो आणि शाळेसाठी रोज यवतेश्वरचा घाट चढतो, त्यामुळे पावसाळ्याचे चार महिने काचेवरच्या वाफेशी माझा रोजचा संबंध आहे. ताईंच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो.

घाटात एसी बंद करणे हीच चूक झाली. एसी हवा थंड करतो त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोरडी करतो. कॉइलवर हवेतले पाणी साचून ड्रेन पाइपने गाडीखाली गळते. सहा माणसांचा श्वास, ओल्या छत्र्या, पायपोसावर निथळणाऱ्या चपला यांची वाफ गाडीत कोंडलेली असते आणि महाबळेश्वर सुमारे ४५०० फुटांवर असल्यामुळे वर जाऊ तशी बाहेरची काच गार होत जाते. त्या गार काचेवर ही वाफ बसणारच.

उपाय असा, की एसी चालू ठेवून तापमान २६-२७ पर्यंत वाढवावे. तेव्हा हवा आधी कॉइलवर कोरडी होते आणि मग इंजिनाच्या गरम पाण्यावर चालणाऱ्या हीटरवरून ऊबदार होऊन येते; एसी आणि हीटर एकाच वेळी चालणे यात काही गैर नाही, गाडी त्यासाठीच बनवलेली आहे. रिसर्क्युलेशन काढून बाहेरची हवा घ्यावी आणि झोत समोरच्या काचेवर व पायांवर सोडावा. छतातल्या मागच्या एसीला बहुतेक गाड्यांत हीटर नसतो, त्यामुळे त्याची कळ फिरवून ऊब मिळत नाही, थंडावा फक्त कमी होतो. तो पंखा सगळ्यात मंद ठेवावा. आजींना ऊब मिळेल ती पुढच्या सीटखालून पायांशी येणाऱ्या हवेची. त्यांच्या पायांपुढे पिशव्या रचून ती वाट अडवू नका.

एक खूणगाठ बांधून ठेवा. काच धूसर झाली की आधी आतून बोटाने रेघ ओढावी. रेघ स्वच्छ उमटली तर वाफ आत आहे आणि वरचा उपाय लागू पडतो. रेघ उमटली नाही आणि वायपरने काच साफ झाली, तर दव बाहेर आहे, म्हणजे आपणच काच फार गार केली आहे. तेव्हा काचेवरचा थंड झोत काढून तापमान वाढवावे. ही दुसरी गोष्ट सांगलीसारख्या ठिकाणी पावसाळ्यातल्या रात्री हमखास होते.

धाकट्याच्या उलटीला वळणे कारण असतीलच, पण कोंडलेल्या हवेनेही मळमळ वाढते. मागचा एसी बाहेरची हवा घेतच नाही. ताजी हवा येते ती फक्त पुढच्या झडपेतून. पूर्ण भरलेल्या गाडीत तासभर रिसर्क्युलेशनवर राहिले की कार्बन डायऑक्साइड वाढतो, डोके जड होते आणि चालवणाऱ्यालाही पेंग येते. दर वीस-पंचवीस मिनिटांनी पाच मिनिटे बाहेरची हवा घ्यावी. आणि थांब्यावर मूल झोपले म्हणून एसी चालू ठेवून त्याला गाडीत एकटे सोडून कधीही उतरू नये. इंजिन बंद पडले तर बंद गाडी उन्हात किती झपाट्याने तापते, हे मी पालकसभेत दर उन्हाळ्यात सांगतो.

द्राक्षबाग_तासगाव

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, फक्त बाहेरच्या हवेचा नियम आपल्या भागात सरसकट लावू नये. गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे आपण मैलभर अडकतो, शेजारच्या शेतात पाचट पेटवलेले असते, आणि त्या वेळी पुढची झडप उघडी राहिली तर सगळा धूर आत येतो. माझ्या वडिलांना दम्याचा त्रास आहे, त्यामुळे मी धूर दिसताच, गाडीत वास येण्याआधीच, रिसर्क्युलेशन लावतो आणि मोकळा रस्ता लागला की काढतो. घाटात याच्या उलट करतो.

केबिन फिल्टरकडेही लक्ष द्यावे. आमच्या रस्त्याला धूळ इतकी, की माझा फिल्टर सहा महिन्यांत राखाडी पडतो. तो पुढच्या हवेचा असतो. मागच्या एसीला माझ्या गाडीत केवळ एक प्लॅस्टिकची जाळी आहे, ती मी महिन्याला काढून धुतो. गेल्या वर्षी ती धुतली तेव्हा मागच्या हवेचा जोर इतका वाढला, की मी तोवर विनाकारण गॅस भरून घ्यायला निघालो होतो.

मागच्या काचांना काळी फिल्म लावण्याचा सल्ला तुम्हाला कोणी तरी देईलच. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे असा नियम आहे, तेव्हा फिल्मच्या भानगडीत न पडता गाडी उभी असताना सावली शोधावी आणि आतून पडदे लावावेत.

कृष्णाकाठची (सांगली)

आपणा तिघांचे मनापासून आभार. मिरजेच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे गाडीखाली पाहिले. दोन पाइप आहेत आणि जाड पाइपावर थेंब होते. परवा रविवारी औदुंबरला जाऊन आलो. पुढे २४, पंखा तीनवर, मधल्या जाळ्या छताकडे. वीस मिनिटांनी मोठा मुलगा तिसऱ्या रांगेतून म्हणाला, “आई, इथपर्यंत आलं.” सासूबाईंच्या वरची पाती खिडकीकडे फिरवल्यावर त्यांनी पदर खांद्यावर घेतला आणि सगळा रस्ताभर तो तसाच राहिला.

एकच अडचण उरली आहे. परतताना वळणावर छतातल्या जाळीतून चार-पाच थेंब पाणी सीटवर पडले, आणि या वेळी रुमाल खोचलेला नव्हता.

मिरज_एसीकाम

ताई, हे मागच्या कॉइलच्या ड्रेन पाइपाचे काम आहे, गॅसचे नाही. पाणी बाहेर जायची वाट बंद झाली की ते ट्रेमध्ये साचते आणि वळणावर हिंदकळून जाळीतून येते. हा पाइप बहुधा मागच्या बाजूच्या पॅनेलमधून उतरून गाडीखाली निघतो. एसी वीस मिनिटे चालवून तिथे थेंब पडतात का पाहा. पडत नसतील तर पाइप तुंबला आहे. माझ्याकडे येणाऱ्या अशा गाड्यांत कधी चिखल निघतो, आणि बऱ्याचदा कुंभारमाशीने तोंडाशी बांधलेले मातीचे घर निघते. घर तोंडाशीच असेल तर मऊ नळीने हलकेच मोकळे होते. तार घालू नका, पाइप आतल्या जोडातून निसटला तर छत उतरवावे लागते. वरून हवा मारायची असेल तर ते काम गॅरेजमध्येच करून घ्यावे, आणि तोपर्यंत मागचा पंखा मध्यमच्या वर नेऊ नये.