व्हिसा मिळाला, कराचं काय? (अनुभव धागा)

परदेशी जायचं ठरलं की व्हिसाबद्दल सांगणारे शंभर भेटतात. कराचं विचारलं की 'ते तिकडे गेल्यावर कळेल' एवढ्यावर बोळवण होते. म्हणून हा धागा. कुठला देश, कुठला परवाना आणि कराच्या बाबतीत काय अंगावर आलं, ते लिहा. सीएची फी वाचवायला कोणी आलं असेल तर निराशा होईल.

सुरुवात मीच करते. राहण्याचा परवाना एक गोष्ट, करासाठी निवासी असणं दुसरी. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाचं त्या वर्षीचं गणित १८२ दिवसांवर ठरतं, आणि वर्ष एप्रिलपासून मोजायचं. ऑगस्टमध्ये विमानात बसलेला त्या वर्षी अनिवासी, डिसेंबरमध्ये बसलेला निवासी. आमचा भाऊ डिसेंबरवाला. त्याचा तिकडचा जानेवारी ते मार्चचा पगारही इथल्या विवरणपत्रात दाखवावा लागला. तिकडे भरलेल्या कराची वजावट मिळते, पण कागदपत्रांची जुळवाजुळव आलीच.

नेकारकाठची (स्टुटगार्ट, ब्लू कार्ड म्हणजे उच्चशिक्षितांचा कामाचा परवाना)
जर्मनीत घर मिळालं की दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग. त्या अर्जात धर्माचा रकाना असतो. तो कशाला, हे काउंटरवर कोणी सांगत नाही. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलंत की आयकरावर चर्चचा कर बसतो, आमच्या राज्यात आणि बव्हेरियात ८ टक्के, बाकी राज्यांत ९. हिंदूंसाठी असा कर नाही. पण आमच्या ऑफिसातल्या वसईच्या मुलीनं सरळपणे कॅथलिक लिहिलं आणि पगाराची पावती पाहून चक्रावली.

दुसरं, नवरा-बायकोचे करवर्ग, म्हणजे दरमहा पगारातून किती कर कापायचा ते ठरवणारे गट. नवरा पुण्यात आणि मी इथे, तोवर मला पहिलाच वर्ग, लग्न झालेलं असो वा नसो. तो इथे येऊन नोंदणी झाली तेव्हा कुठे मला तिसरा, त्याला पाचवा निवडता आला आणि हातात येणारा पगार चांगलाच वाढला.

आता मुख्य दुखणं. एनआरई ठेवींचं (अनिवासींनी परदेशी कमाईतून भारतात ठेवलेल्या) व्याज करमुक्त, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ते भारतात करमुक्त! जर्मनी निवासी माणसाच्या जगभरच्या उत्पन्नावर कर लावते, त्यात हे व्याज आलंच. वर्षाला माणशी १००० युरोपर्यंतचं गुंतवणुकीचं उत्पन्न सुटतं, पुढच्यावर २५ टक्के आणि वर अधिभार. इथल्या मराठी गटात हे सांगितलं तेव्हा दोघांनी माझ्याशी वाद घातला, बाकीचे गप्प बसले. गप्प बसलेल्यांच्या ठेवी मोठ्या असाव्यात.

वाळवंटातला मालवणी (दुबई)
आमच्याकडे पगारावर कर शून्य, त्यामुळे लोक समजतात धाग्याशी आमचा संबंध नाही. आहे, आणि तो भारताच्या बाजूनं आहे.

आधी व्हिसा. पदवीच्या प्रमाणपत्रावर आधी राज्याचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईची वकिलात, शेवटी इथलं परराष्ट्र खातं. अपोस्टिल, म्हणजे बऱ्याच देशांत चालणारा एकच शिक्का, इथे चालत नाही. माझ्या मुंबई विद्यापीठाच्या प्रमाणपत्राच्या पाठीवर आता बोट ठेवायला जागा नाही. साधा निवासी व्हिसा सलग सहा महिने बाहेर राहिलात की बाद होतो. २० लाख दिरहमचं घर घेऊन दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा काढलेल्यांना ती धास्ती नाही.

आता कर. भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल आणि दुसरा कुठलाच देश तुमच्यावर कर लावत नसेल, तर भारतीय नागरिकाला एकही दिवस न येता निवासी धरता येतं. यावर चहाच्या टपरीवर फार घबराट असते. पण तो आरएनओआर (निवासी, पण सामान्य निवासी नव्हे) या गटात जातो, म्हणजे दुबईच्या पगाराला हात लागत नाही, जोवर धंदा भारतातून चालवत नाही. ज्यांचं घरभाडं मोठं आहे त्यांनी मात्र सुट्ट्या मोजाव्यात. १५ लाखांवर उत्पन्न असेल तर १८२ ऐवजी १२० दिवसांची रेघ लागू शकते. गणपती, मे महिना आणि एखादं लग्न धरलं की १२० फार लांब नाही.

ठाण्याच्या फ्लॅटचा भाडेकरू दरमहा टीडीएस कापून मग भाडं देतो. तो कापायचा असतो ३१.२ टक्के, हे त्याला पटवण्यात माझा एक गणपती गेला.

जुमिनझेईग्रस्त (योकोहामा)
जपानमध्ये पहिलं वर्ष मजेत जातं. जुमिनझेई हा रहिवासी कर आदल्या वर्षीच्या उत्पन्नावर लागतो, १ जानेवारीला तुमचा पत्ता जिथे त्या गावाकडून, साधारण १० टक्के. नवख्याला आदलं वर्षच नसतं. दुसऱ्या वर्षीच्या जूनच्या पगारात एकदम खड्डा पडतो. माझ्या सहकाऱ्यानं कंपनीनं पगार कापला समजून एचआरला मेल टाकला होता. देश सोडतानाही ही बाकी मागे लागते. फेब्रुवारीत परतणाऱ्यांनी हिशेब करूनच सामान बांधावं.

न्यू जर्सीची सून
एकच मुद्दा. सांगलीत आईच्या खात्यावर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' म्हणून माझं नाव आहे. पैसे तिचे, पेन्शन तिची. तरी अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एकदाही १०,००० डॉलरवर गेली की एफबार (परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म) भरायचा, आणि त्यात हे खातंही येतं. त्यावर कर नाही, फक्त कळवायचं. पण न कळवल्याचा दंड जबर. भारतीय म्युच्युअल फंडांबद्दल बोलायलाच नको, पीएफआयसीच्या (परदेशी फंडांसाठीचा अमेरिकी करनियम) फॉर्मसाठी सीए जेवढे घेतो तेवढ्या पैशांत नवा फंड येईल.

म्हापशेकार
आमच्याकडे उलटी तऱ्हा. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांची आणि त्यांच्या मुलानातवंडांची लिस्बनला जन्मनोंद होते, पोर्तुगीज पासपोर्ट मिळतो. भारतीय नागरिकत्व जातं, कारण भारतात दुहेरी चालत नाही. माझा चुलतभाऊ तो घेऊन इंग्लंडमधल्या स्विंडनला गेला, ब्रेक्झिटनंतर ३० जून २०२१ च्या आत सेटल्ड स्टेटसचा (ब्रिटनमध्ये कायम राहण्याच्या हक्काचा) अर्ज केला. लोक विचारतात, पोर्तुगालला कर भरतो का? तिथे राहतच नाही, तर कसला कर! कर ब्रिटनला.

कोथरूडकर
मी कुठे गेलो नाही, पण बोलतो. अनिवासी मालकाकडून फ्लॅट घेतला. एजंट म्हणाला, एक टक्का टीडीएस कापा. तो नियम निवासी विक्रेत्याचा. अनिवासी असेल तर दीर्घ मुदतीच्या नफ्याला १२.५ टक्के, वर अधिभार आणि सेस, आणि मालकाकडे कमी टीडीएसचं प्रमाणपत्र नसेल तर तो पूर्ण किमतीवर कापला जातो. कमी कापलं तर आयकर खातं खरेदीदाराला धरतं. आमच्या मालकानं प्रमाणपत्राचा अर्ज केला, व्यवहार दोनेक महिने लांबला, त्याचे बरेच पैसे अडकायचे वाचले.

प्रश्न, नव्यानं आलेला: पुढच्या महिन्यात निघतोय. पीपीएफ बंद करू का?

धागाकर्ती: नको. जुनं खातं मुदत पूर्ण होईपर्यंत चालू ठेवता येतं, वर्गणीही भरता येते. नवं उघडता येत नाही आणि पंधरा वर्षांनंतर मुदतवाढ नाही. बचत खातं मात्र एनआरओ (अनिवासींचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं) करून घे, निघण्याआधी बँकेत जाऊन फॉर्म आणून ठेव. जर्मनी की अमेरिका ते लिही, पुढचं त्यावर अवलंबून.