टेक्सासातल्या आपल्या मंडळाची ईमेल यादी. विषय: दुकानाच्या दारावरच्या पाटीबद्दल

प्रेषक: बालशाळेतल्या एका मुलाची आई, फ्रिस्को

नमस्कार मंडळी,

शनिवारी मोदकांची ऑर्डर द्यायला काकांच्या दुकानात गेले होते. धाकटा बरोबर होता. मी कोथिंबीर निवडत होते, तेवढ्यात त्यानं माझी ओढणी ओढली आणि विचारलं, "आई, ते पोलीस आहेत का?" वळून पाहिलं तर पराठ्यांच्या फ्रीझरपाशी एक गृहस्थ उभे. साधा टी-शर्ट, जीन्स, आणि उजव्या कमरेला काळ्या होल्स्टरमध्ये पिस्तूल. माझ्या मुलाच्या अगदी डोळ्यांसमोर येईल एवढ्या उंचीवर.

त्यांनी काहीही केलं नाही. पराठ्यांची दोन पाकिटं घेतली, पैसे दिले, एका आजींसाठी दार धरून उभे राहिले. हे मी मोकळेपणानं सांगते. पण मी भरलेली टोपली तिथंच खाली ठेवली आणि मुलाला उचलून गाडीत जाऊन बसले. किल्ली लावताना हात थरथरत होते. जवळच्या ॲलन गावातलं आउटलेट मॉल आपल्या सगळ्यांच्या येण्याजाण्यातलं. ६ मे २०२३ ला तिथे झालेल्या गोळीबारात आठ जीव गेले. त्यात नोकरीसाठी इथे आलेली हैदराबादची एक तरुण इंजिनीअर होती. तेव्हापासून माझ्या मनातली भीती गेलेली नाही.

काका, तुमच्या दुकानात पोरं शाळा सुटली की चिक्की घ्यायला येतात. दारावर पाटी लावा, बंदूक आत नको म्हणून. उघडी नको आणि लपवलेलीही नको.

प्रेषक: एक परवानाधारक सभासद, प्लेनो

ताई, तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं. मी स्वतः पिस्तूल बाळगतो, शर्टाच्या आत, आणि हे या ईमेल यादीवर पहिल्यांदाच सांगतोय. तेव्हा माझी बाजूही ऐकून घ्या.

टेक्सासात परवाना काढून पिस्तूल लपवून बाळगायची मुभा १९९६ पासून आहे. परवानाधारकाला ते उघडं लावायची मुभा १ जानेवारी २०१६ ला मिळाली. आणि १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या बहुतेकांना परवान्याचीही गरज उरली नाही. मी परवाना काढला तेव्हा वर्गात बसावं लागलं, कायद्याची परीक्षा द्यावी लागली, आणि नेमबाजीच्या रेंजवर तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून पन्नास गोळ्या झाडून दाखवाव्या लागल्या. तुमच्या शेजारी उभा असलेला माणूस यातून गेलाय की नाही, हे आज नुसतं बघून कळत नाही. यात तुमची भीती रास्त आहे.

रेंजवरचे माझे काही मित्र उघडंच लावतात. त्यांचं म्हणणं असं की लपवण्यासारखं आम्ही काय केलंय, आणि दिसलं तर चोर दहा वेळा विचार करेल. मला हे पटत नाही. चोर आला तर तो आधी ज्याचं पिस्तूल दिसतंय त्याच्यावरच गोळी झाडेल. शिवाय गर्दीत मागून कुणी हिसकावलं तर? बिलाच्या रांगेत माझं अर्धं लक्ष कमरेवरच राहील.

आणखी एक गोष्ट आहे. आपल्याकडे ती बोलली जात नाही, म्हणून बोलतो. आपल्या रंगाचा माणूस कमरेला उघडं पिस्तूल लावून दुकानात फिरतोय, आणि घाबरून कुणीतरी ९११ ला फोन केला, तर येणाऱ्या पोलिसाला माझ्याबद्दल काय माहीत असणार? २०१४ च्या ऑगस्टमध्ये ओहायोतल्या बीव्हरक्रीकच्या वॉलमार्टमध्ये एका कृष्णवर्णीय तरुणानं त्याच दुकानात विकायला ठेवलेली एअर गन हातात घेतली होती. कुणीतरी फोन केला, पोलीस आले, त्यांनी गोळी झाडली, आणि त्याचा जीव गेला. ओहायोत तेव्हा खरी बंदूकही उघडपणे बाळगायला परवानगी होती. मला दोन मुली आहेत. मी ती जोखीम घेणार नाही.

काकांनी सरसकट बंदी घातली तर मी ती पाळेन, पिस्तूल गाडीत कुलूपबंद ठेवून येईन. पण बंदी उघड्यापुरती असावी, असं मला मनापासून वाटतं.

प्रेषक: नवा सभासद, अर्व्हिंग

एक प्रश्न. मी एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहे. ऑफिसातला मित्र म्हणतो, आता परवाना लागत नाही, तूही घे एक. घेता येईल का?

प्रेषक: एक परवानाधारक सभासद, प्लेनो

अजिबात नको. राज्याचा कायदा काहीही म्हणो, केंद्राच्या कायद्यानं एच-१बी, एच-४, विद्यार्थी अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक काय, गोळ्याही बाळगता येत नाहीत. शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर वकिलाला विचारल्याशिवाय काही करू नका. ग्रीन कार्डवाल्यांची गोष्ट वेगळी. मित्र चांगल्या मनानं सांगत असेल, पण त्याच्या एका वाक्यापायी तुमचा इथला सगळा संसार उठेल.

प्रेषक: दुकानवाले काका, प्लेनो

नमस्कार,

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण आधी वकिलाशी आणि जागामालकाशी बोलायचं होतं.

ते गृहस्थ माझे नेहमीचे गिऱ्हाईक आहेत. बायकोला आवडतात म्हणून पराठे नेतात, आंब्याच्या दिवसांत पेटी आली का म्हणून फोन करतात. त्यांच्याबद्दल वावगा शब्द मला लिहायचा नाही. पण ताई, तुमचे हात थरथरले तसे माझेही थरथरतात. हे मी आजवर घराबाहेर कुणाला सांगितलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी, डिसेंबरात, रात्री नऊला दुकान बंद करायच्या बेतात होतो. एक जण आत आला. कमरेला पिस्तूल. मी मनात म्हटलं, टेक्सास आहे, असायचंच. तो डाळींच्या रांगेतून सावकाश फिरला, मुगाची पिशवी उचलून परत ठेवली, गल्ल्यापाशी आला आणि पिस्तूल बाहेर काढलं. चारशे बारा डॉलर होते, ते दिले. तो गेल्यावर मी तसाच उभा होतो. मशीनमधून बिलाची पट्टी अर्धवट बाहेर आली होती, ती फाडायचंही सुचलं नाही. तेव्हापासून दाराची घंटी वाजली की माझी नजर आधी कमरेकडे जाते आणि मग चेहऱ्याकडे. येणाऱ्याचा चेहरा बघून "या, या" म्हणायची माझी पंचवीस वर्षांची सवय त्या माणसानं मोडली.

उघडं लावणारे म्हणतात, आम्ही काही लपवत नाही. खरं आहे. पण पिस्तूल होल्स्टरमध्ये आहे तोवर सज्जन आणि दरोडेखोर मला सारखेच दिसतात, आणि ते बाहेर आल्यावर मला काही ठरवायला वेळच उरत नाही. गल्ल्यावर उभं राहणाऱ्या माणसाला रोज, दर गिऱ्हाइकामागे, हा हिशेब करायला लावणं मला योग्य वाटत नाही. माझ्याकडे कामाला दोन कॉलेजची पोरं आहेत. त्यांच्यावरही ही वेळ येते.

आता पाटीचं. मला वाटलं होतं, पिस्तुलावर लाल फुली मारलेलं चित्र चिकटवलं की झालं. तसं नाही. परवानाधारकाला ते चित्र कायद्यानं बांधत नाही. टेक्सासच्या दंडसंहितेत तीन वेगळी कलमं आहेत. ३०.०७ ची पाटी परवानाधारकाला उघडं पिस्तूल घेऊन आत यायला मनाई करते. ३०.०६ ची लपवलेल्याला. आणि २०२१ नंतर ज्यांच्याकडे परवानाच नाही त्यांच्यासाठी ३०.०५ ची. पहिल्या दोन पाट्यांवर कायद्यानं ठरवून दिलेला मजकूरच हवा, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत, अक्षरं किमान एक इंच उंच, रंग पार्श्वभूमीवर उठून दिसणारा, आणि पाटी दारात शिरणाऱ्याला स्पष्ट दिसेल अशी. माझ्या दाराची काच तीस इंच रुंद. तिन्ही लावल्या तर काच भरून जाईल आणि गणपतीचं पोस्टर लावायला जागा उरणार नाही.

वकिलीणबाईंनी नीट समजावलं. पाटी असूनही कुणी आत आला तर गुन्हा छोटा, दोनशे डॉलरपर्यंत दंड. पण मी तोंडानं "कृपया बाहेर जा" म्हटल्यावरही तो हलला नाही, तर गुन्हा मोठा होतो, वर्षभरापर्यंत कैद आणि चार हजारांपर्यंत दंड. म्हणजे मालकाच्या तोंडच्या शब्दालाही कायद्यात वजन आहे. पाटी फक्त दुकानापुरती. पार्किंगची जागा माझ्या भाडेकरारात नाही, तिथं माझं काही चालत नाही.

मोठ्या दुकानांनी काय केलं तेही पाहिलं. २०१४ साली इथेच टेक्सासात काही मंडळी खांद्याला रायफली लावून खानावळींत आणि दुकानांत शिरत होती. पिस्तूल उघडं लावायची मुभा तेव्हा नव्हती, पण रायफलीची होती, आणि त्यांना तेच दाखवून द्यायचं होतं. चिपोटले ही खानावळ आणि टार्गेट ही दुकानं, यांनी त्याच वर्षी गिऱ्हाइकांना विनंती केली की बंदुका आणू नका. इथल्याच, टेक्सासातल्या एल पासोच्या वॉलमार्टमध्ये ३ ऑगस्ट २०१९ ला गोळीबार झाला, तेवीस माणसं दगावली. बरोबर एका महिन्यानं वॉलमार्टनं सांगितलं, उघडी बंदूक घेऊन आत येऊ नका. परवान्यानं लपवून बाळगणाऱ्यांना मात्र त्यांनी अडवलं नाही. हवाईनं २०२३ साली नियमच उलटा केला, मालकानं हो म्हटल्याशिवाय आत आणायची नाही. तो वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. इथे टेक्सासात मात्र नाही म्हणायची जबाबदारी माझ्यावर, आणि काचेवरची जागाही माझीच जाते.

मी ठरवलंय ते असं. ३०.०७ आणि ३०.०५ या दोन पाट्या लावणार. ३०.०६ लावणार नाही. म्हणजे उघडं कुणाचंच नाही, आणि लपवलेलं फक्त परवानाधारकाचं. ताई, हे तुम्हाला अपुरं वाटेल. माझ्या घरातही वाटतं, ही तुमच्याच बाजूची आहे. पण हॉस्पिटलची रात्रपाळी संपवून पहाटे एकट्या गाडी चालवणाऱ्या नर्सबाई माझ्याकडे दूध घ्यायला येतात. त्यांच्या पर्समध्ये काय आहे ते मला ठाऊक आहे, त्यांनीच सांगितलंय. त्यांना दारात अडवायला माझं मन घेत नाही. आणि जे दिसतच नाही ते मी अडवणार तरी कसं? उद्या ३०.०६ लावली आणि पोरांना सांगितलं की लक्ष ठेवा, तर ती प्रत्येकाच्या शर्टाचा फुगवटा बघत बसतील. तसं दुकान मला नको.

त्या गृहस्थांना मी स्वतः फोन केला. पाटीवरून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून. थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, मुलगा घाबरला हे मला दिसलंच नाही. पुढच्या शनिवारी ते येतील की नाही, ठाऊक नाही. यावेत अशी माझी इच्छा आहे.

प्रेषक: बालशाळेतल्या एका मुलाची आई, फ्रिस्को

काका, डिसेंबरातलं वाचून डोळ्यांत पाणी आलं. आम्ही दर आठवड्याला येतो आणि तुम्ही हसून बोलता. काही कळलंच नाही.

तरी माझं मत तेच आहे. लपवलेलं पिस्तूल मुलाला दिसणार नाही, पण पर्समधून पडेल, बाथरूममध्ये विसरेल, रागाच्या भरात हाताला लागेल. दिसत नाही म्हणून ते तिथं नाही असं होत नाही. प्लेनोच्या दादांवर माझा विश्वास आहे, कारण त्यांना मी ओळखते. परवाना असलेल्या प्रत्येकाला मी ओळखत नाही.

मी येणार, दुकान सोडणार नाही. एवढंच करा, पोरांना सांगून ठेवा की पाटी असूनही कुणी आत आला तर त्यांनी स्वतः वाद घालू नये.

प्रेषक: मंडळाच्या सचिव

सर्वांना नमस्कार. काकांच्या दुकानाचं काकांनी ठरवलं, त्यात मंडळ पडणार नाही. पण गणेशोत्सव शाळेच्या सभागृहात आहे, म्हणून कळवते. शाळेच्या इमारतीत बंदूक, उघडी किंवा लपवलेली, परवाना असो वा नसो, कायद्यानंच बंद आहे. तिथे पाटीचा प्रश्न येत नाही. पार्किंग या व्याख्येत येत नाही, तरी गाड्या कुलूपबंद ठेवा आणि गाडीत काही असेल तर ते बाहेरून दिसू देऊ नका.

दांडपट्ट्याच्या पथकानं हे खास वाचावं. साडेपाच इंचांहून लांब पातं २०१७ पासून एरवी चालतं, पण शाळेत नाही. पात्याला धार नाही म्हणून आपण गृहीत धरून चालणार नाही. मी शाळेकडे लेखी परवानगी मागितली आहे. ती हातात येईपर्यंत तालीम लाकडी पट्ट्यांनी करावी.

प्रेषक: दुकानवाले काका, प्लेनो

पाट्या गुरुवारी येतील, जागामालकानं काचेवर लावायला होकार दिलाय. ताई, पोरांना सांगितलं आहे: बोलायचं ते मी बोलेन, मी नसेन तर मागच्या खोलीत जायचं आणि ९११ ला फोन करायचा. वाद घालायचा नाही.

तुमची टोपली मी बाजूला काढून ठेवली होती. कोथिंबीर सुकली, ती टाकून दिली. बाकी सामान आणि एकवीस मोदकांची चिठ्ठी काउंटरमागे आहे. चिठ्ठीवर फोन नंबरचा शेवटचा आकडा अर्धवट आहे, तेवढा कळवा.